आभाळातला मेळा आणि जमिनीवरची तयारी

अष्टमी आणि आजूबाजूच्या गावांतल्या बचत गटांच्या वतीने आम्ही बोलतो आहोत. हातातली कामं चालू राहू द्या. वाल सोलत असाल तर सोला, तांदूळ निवडत असाल तर निवडा. कान मात्र इकडे ठेवा.

आजचा विषय थोडा वेगळा आहे. एरवी आम्ही व्याज, हप्ते, मसाल्याचं पॅकिंग यावर बोलतो. आज विमानांवर बोलणार आहोत. त्याचं कारण असं झालं की मागच्या बैठकीत कर्जाचे हप्ते जमा झाले, वही बंद झाली आणि एका ताईने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. नऊ विमानं एका रांगेत, मागे भगवा, पांढरा, हिरवा धूर. ताई म्हणाली, "आपल्या रोहा-अष्टमीच्या नगरपालिकेचा वर्धापनदिन असा का नाही करायचा? इतकी जुनी, इंग्रजांच्या काळापासूनची आपली नगरपालिका. ऑर्केस्ट्रा आणि भाषणं दरवेळी असतातच." दुसरी म्हणाली, "विमानं आली तरी बघणार कोण? आपण तर चुलीपाशी." तिसरी म्हणाली, "स्टॉल लागले तर चार पैसे मिळतील." एका आजींनी विचारलं, "आणि वरून पडलं काही, तर?"

बैठक संपली तरी बोलणं थांबलं नाही. म्हणून ठरवलं की या चारही बोलण्यांची नीट माहिती घ्यायची आणि ती तुमच्यापुढे ठेवायची.

आधी हे विमानांचे खेळ म्हणजे काय ते पाहू. आपल्या देशात हे काही कालपरवाचं नाही. १९११ साली अलाहाबादला मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे विमान उडवून दाखवायला परदेशातून वैमानिक आले होते. त्यातल्या आंरी पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकाने १८ फेब्रुवारीला सुमारे साडेसहा हजार पत्रं विमानात घातली आणि नदीपलीकडच्या नैनीला नेऊन पोचवली. विमानाने सरकारी टपाल गेलं ते जगात पहिल्यांदा, आणि ते एका जत्रेत गेलं. म्हणजे लोक खेळ बघायला जमले होते आणि त्यातून एक नवीन काम सुरू झालं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आज आपल्या देशात अशा कसरती मुख्यतः भारतीय वायुसेना करते. तिची 'सूर्यकिरण' नावाची तुकडी १९९६ साली सुरू झाली. तिचा तळ कर्नाटकात बिदरला आहे. ही तुकडी 'हॉक' नावाची नऊ विमानं घेऊन उडते. दुसरी तुकडी 'सारंग', ती हेलिकॉप्टरची. तिची हेलिकॉप्टरं 'ध्रुव' जातीची, आपल्याच देशात बनलेली, आणि अंगावर मोर रंगवलेला. शिवाय छत्री घेऊन विमानातून उड्या मारणारी 'आकाशगंगा' ही तुकडी आहे. मुंबईत १२ ते १४ जानेवारी २०२४ असे तीन दिवस मरीन ड्राइव्हच्या समुद्रावर हे सगळे खेळ झाले. छत्तीसगड राज्याला २५ वर्षं झाली तेव्हा, नोव्हेंबर २०२५ मध्ये, नवा रायपूरच्या तलावावर सूर्यकिरणची विमानं उडाली. म्हणजे वर्धापनाला असा कार्यक्रम करायची कल्पना काही जगावेगळी नाही.

आता गटात सगळ्यांनी विचारलं तो प्रश्न. विमान उलटं होतं तेव्हा आतला माणूस पडत कसा नाही? पट्टे असतातच, पण नुसते पट्टे हे उत्तर नाही. लहानपणी आपण पाण्याने भरलेली कळशी किंवा डबा हाताने गरगर फिरवायचो. डबा डोक्यावर उलटा आला तरी पाणी सांडत नव्हतं. जोरात फिरवलं तर पाणी तळाला दाबून बसतं, आणि हळू फिरवलं की अंगावर येतं. विमान वर्तुळात फिरतं तेव्हा वैमानिकही तसाच खुर्चीत दाबला जातो. तो दाब किती असतो? वजनाच्या पाचपट समजा. पन्नास किलोची बाई त्या क्षणी अडीच क्विंटलची होते. हात उचलणं कठीण होतं. डोक्यातलं रक्त पायाकडे उतरू लागतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून लढाऊ विमानाचे वैमानिक खास पोशाख घालतात. तो हवेने फुगून पाय आणि पोट आवळतो आणि रक्त खाली उतरू देत नाही. पोट आणि मांड्या आवळून श्वास कसा घ्यायचा, याचंही शिक्षण त्यांना असतं. बाळंतपणात कळा देताना श्वास कसा धरावा आणि सोडावा हे आपल्याला सुईण सांगायची ना, तसंच काहीसं समजा.

धूर कसला असतो? विमानाच्या मागून निघणाऱ्या तापलेल्या झोतात डिझेल सोडतात. त्याचा पांढरा धूर होतो. त्यात रंग मिसळला की भगवा आणि हिरवा. आणि विमान डोक्यावरून गेल्यावर आवाज मागाहून का येतो? आवाज एका सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एक किलोमीटरला तीन सेकंद लागतात. वीज चमकते आणि गडगडाट नंतर ऐकू येतो, त्यातलाच प्रकार. म्हणून विमान बघायचं असेल तर आवाज आला तिकडे बघू नका, त्याच्या पुढे बघा. मुलांना हे आधी सांगून ठेवा. आणि हेही सांगा की आवाज फार मोठा असतो. तान्ह्या मुलांचे कान झाका. कानाचं दुखणं असलेल्यांनी लांब थांबावं. गोठ्यातली जनावरं बिथरतात, तर त्या वेळी ती मोकळी सोडू नयेत.

आता दुसऱ्या ताईच्या बोलण्याकडे येऊ. "आपण तर चुलीपाशी." मैत्रिणींनो, विमानात बायका आज आल्या असं नाही. १९३६ साली सरला ठकराल यांनी विमान चालवण्याचा परवाना मिळवला, तेव्हा त्या एका लहान मुलीच्या आई होत्या आणि साडी नेसून विमानात बसल्या होत्या. १९५३ साली देशातल्या खासगी विमान कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या आणि इंडियन एअरलाइन्स सुरू झाली. तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते आपल्या रोह्याचे चिंतामणराव देशमुख. त्याच इंडियन एअरलाइन्समध्ये पुढे सौदामिनी देशमुख वैमानिक झाल्या. १९८५ साली कोलकात्याहून सिलचरला एक विमान गेलं, त्यात चालक आणि सेवक सगळ्या बायका होत्या, आणि कॅप्टन होत्या सौदामिनी देशमुख. २०१६ साली वायुसेनेत पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक झाल्या, अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग. २०१९ साली नागपूरच्या अंतरा मेहता याच वाटेने गेल्या.

आणखी एक नाव सांगतो, दीपिका मिश्रा. मघाशी सांगितलेल्या सारंग तुकडीत त्यांनी हेलिकॉप्टरच्या कसरती केल्या. नंतर मध्य प्रदेशात पूर आला तेव्हा हेलिकॉप्टर घेऊन त्या अडकलेल्या माणसांना काढायला गेल्या. त्या कामासाठी २०२३ मध्ये त्यांना शौर्याचं वायुसेना पदक मिळालं. वायुसेनेत शौर्याचं पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला अधिकारी. हेलिकॉप्टर एका जागी स्थिर धरणं, वाऱ्यात सांभाळणं, हा खेळातला सराव पुरात उपयोगी पडला असणार.

आपल्या मुलींनी यातलं काही करायचं म्हटलं तर काय लागतं? वैमानिक व्हायचं असेल तर बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवं. हे दहावीनंतरच ठरवावं लागतं. गावात सायन्स शाखा नाही, जायला एसटीची वेळ जमत नाही, म्हणून मुलीला आर्ट्सला घातलं, की हा रस्ता तिथेच बंद होतो किंवा फार लांबचा होतो. आर्ट्स वाईट असं आम्ही म्हणणार नाही, आम्हीही बीए आहोत. पण मुलीला निवडू द्या. खासगी विमानाचं शिक्षण फार खर्चाचं आहे, त्याला २०० तासांचं उड्डाण लागतं आणि खर्च कित्येक लाखांत जातो. वायुसेनेत निवड झाली तर शिक्षणाचा खर्च सरकार करतं. २०२२ पासून एनडीएचे दरवाजेही मुलींना उघडे झाले. आणि आपल्याच रायगड जिल्ह्यात नवी मुंबईचा विमानतळ २०२५ च्या डिसेंबरात सुरू झाला. विमानतळावर वैमानिकापेक्षा इतर कामं कितीतरी जास्त असतात. सामान, सुरक्षा, स्वयंपाक, सफाई, तिकीट, दुरुस्ती. ज्या गावांच्या जमिनी त्यात गेल्या त्यांच्या मुलींना त्यातली कोणती कामं मिळतात, नुसती झाडू-पोछ्याची की दुरुस्तीची आणि नियंत्रणाचीही, हे आपण विचारत राहिलं पाहिजे.

आता आजींचा प्रश्न. वरून पडलं तर? आजी, प्रश्न अगदी बरोबर आहे. १९ फेब्रुवारी २०१९ ला बंगळुरूजवळ येलहंका इथे सरावात सूर्यकिरणची दोन विमानं एकमेकांना घासली आणि विंग कमांडर साहिल गांधी गेले. २१ नोव्हेंबर २०२५ ला दुबईच्या कार्यक्रमात आपलं तेजस विमान कोसळलं आणि विंग कमांडर नमांश स्याल गेले. परदेशात याहून भयंकर घडलं आहे. युक्रेनमध्ये २००२ साली विमान थेट गर्दीत पडलं आणि ७७ माणसं मेली. अशा अपघातांतून नियम कडक होत गेले. विमानाने गर्दीच्या डोक्यावर कसरत करायची नाही, गर्दीपासून ठरावीक अंतर राखायचं. म्हणूनच बघा, मुंबईत समुद्रावर, रायपूरला तलावावर, चंडीगडला सुखना तलावावर, भोपाळला मोठ्या तलावावर हे कार्यक्रम होतात. खाली पाणी असलं की माणूस नसतो.

पण मैत्रिणींनो, आपल्या देशात अलीकडे या कार्यक्रमात बघायला आलेली माणसं दगावली, ती विमान पडून दगावली नाहीत. ६ ऑक्टोबर २०२४, रविवार. वायुसेनेच्या ९२ व्या वर्धापनाचा कार्यक्रम चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर होता. लाखो लोक जमले. वेळ सकाळी अकरा ते दुपारी एक, डोक्यावर ऊन, सावली नाही, प्यायला पाणी पुरेना. कार्यक्रम संपला आणि सगळे एकदम निघाले. रस्ते, गाड्या, स्टेशन सगळं तुंबलं. त्या दिवशी पाच जणांचा जीव गेला आणि कितीतरी लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. आभाळातला कार्यक्रम अगदी व्यवस्थित पार पडला होता. कमी पडलं ते जमिनीवर.

यात बायकांचं वेगळं दुखणं आहे आणि ते कुणी बोलत नाही. गर्दीच्या ठिकाणी संडास-मुतारी नसते, असली तर जाण्यासारखी नसते. म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. दहीहंडी, मेळावा, सभा, यात्रा, सगळीकडे आपण हेच करतो. उन्हात पाच तास पाणी न पिता उभं राहिलं की चक्कर येणारच. तेव्हा कुठल्याही मोठ्या कार्यक्रमाला जाताना एवढं करा. घरून पाणी आणि थोडं मीठ-साखर घेऊन जा आणि तहान लागायची वाट न बघता घोट घोट प्या. सुती कपडा डोक्यावर घ्या. मुलाच्या खिशात किंवा हातावर आपला मोबाईल नंबर लिहून ठेवा. एक खूण ठरवा, अमुक झाड, अमुक पाटी, चुकलो तर तिथे यायचं. पोचल्याबरोबर बाहेर पडायचा रस्ता बघून ठेवा. आणि कार्यक्रम संपल्यावर लगेच निघू नका, अर्धा तास बसा, डबा खा, गर्दी ओसरू द्या. गरोदर बाई आणि म्हाताऱ्या माणसांना टीव्हीवर दाखवा, त्यात काही कमीपणा नाही.

आता तिसऱ्या ताईचं, स्टॉलचं. उत्साह सगळ्यांना असतो, पण आपण वही उघडून बघू. समजा जागेचं भाडं १५०० रुपये, सामान ४०००, टेम्पो ८००, प्लेट आणि ग्लास ४००. झाले ६७००. तीस रुपयांच्या ३०० प्लेटी विकल्या तर ९००० आले. राहिले २३००. पाच जणींत वाटले तर प्रत्येकीला ४६०. पहाटे पाचला उठून संध्याकाळी सातला घरी आलो, म्हणजे चौदा तास. तासाला साधारण ३३ रुपये. आणि ६० प्लेटी उरल्या तर? विक्री ७२००, राहिले ५००, प्रत्येकीला शंभर. पाऊस आला, वेळ बदलली, तर तेही नाहीत.

स्टॉल लावू नये असं आमचं म्हणणं नाही. पण आधी विचारा. एका महोत्सवात आमच्या गटांना जागा दिली ती मंडपाच्या मागे, जनरेटरशेजारी. धुराने पीठ काळं व्हायची वेळ आली आणि गिऱ्हाईक फिरकलंच नाही. भाडं मात्र पुढच्या रांगेतल्या मोठ्या दुकानदारांएवढंच. त्यानंतर आम्ही चार प्रश्न लिहूनच ठेवले आहेत. जागा नक्की कुठे, नकाशात दाखवा. पाणी आणि दिवा कोण देणार? कार्यक्रम रद्द झाला तर भाडं परत मिळेल का? बायकांसाठी स्वच्छतागृह किती पावलांवर आहे? उत्तरं लेखी मिळाली तरच पावती फाडायची. आणि माल एकदम करून न्यायचा नाही. अर्धा करून न्यायचा, बाकीचं पीठ भिजवायचं ठेवायचं. विमानांच्या कार्यक्रमाला लोकांना पोटभर खाण्यापेक्षा ताक, कोकम सरबत, लिंबू पाणी लागतं. ते विकणं म्हणजे धंदाही आणि चेन्नईसारखी वेळ टाळायला हातभारही.

आणि एक गोष्ट, कचरा. विमानाला सगळ्यात मोठी धास्ती पक्ष्यांची. घारी, कावळे, बगळे कशाला येतात? मासळीची आणि मटणाची घाण उघडी पडली की येतात. पक्षी विमानाच्या इंजिनात गेला की इंजिन बंद पडू शकतं. म्हणून विमानतळाभोवती दहा किलोमीटरच्या आत असा कचरा उघडा टाकायला कायद्याने बंदी आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत येलहंकाला विमानांचं मोठं प्रदर्शन होतं, तेव्हा १३ किलोमीटरच्या टापूत मांस-मासळीची विक्रीच काही दिवस बंद ठेवली होती. आता हे आपल्याकडे झालं तर? कुंडलिकेच्या काठची मासळी विकणारी बाई किती दिवस टोपली घेऊन बसणार नाही? तिचं नुकसान कोण भरून देणार? वर्धापनाच्या आनंदात हा प्रश्न कुणाला सुचणार नाही. तो आपल्याच बैठकीत सुचला पाहिजे.

मग रोहा-अष्टमीला असा कार्यक्रम व्हावा का? आम्ही बसून विचार केला. सूर्यकिरणची विमानं गटाच्या अर्जावर येत नाहीत, ते वायुसेना आणि सरकार मिळून ठरवतं. शिवाय आपली जागा बघा. एका अंगाला अवचितगडाचे डोंगर, मधून कुंडलिका, दोन्ही काठांना दाट वस्ती, आणि जवळच धाटावची रसायनांची कारखानदारी. इथे कमी उंचीवर कसरती नकोतच. आजींनाही हे पटेल.

पण लहान, आपल्या गावाचा, आपल्या हाताचा 'आभाळाचा दिवस' होऊ शकतो. त्याचा एक आराखडा आम्ही मांडतो. सकाळच्या उन्हाआधी शाळांच्या मैदानावर मुलांची कागदी विमानांची स्पर्धा. खर्च जुन्या वह्यांचा. कुणाचं विमान लांब जातं आणि का, हे विज्ञानाच्या बाईंनी समजावून सांगायचं. त्यानंतर कुणी जाणकार मिळाले तर लहान मॉडेल विमानं उडवून दाखवायची, प्रेक्षक दोरीच्या मागे. मग शेतावर फवारणी करणाऱ्या ड्रोनचं प्रात्यक्षिक, पण औषधाऐवजी साधं पाणी घालून. आणि संध्याकाळी सगळं उतरल्यावर पतंग. पतंग आणि ड्रोन एका वेळी नाहीत, मांजा पंख्यात अडकतो. मांजाही साधा सुती. नायलॉनच्या मांजावर २०१७ पासून बंदी आहे, गळे कापतात माणसांचे आणि पाखरांचेही. जागा, पाणी आणि स्वच्छतागृह यासाठी नगरपालिकेला अर्ज, पोलिसांना आणि दवाखान्याला आगाऊ पत्र. आपली धावीर महाराजांची पालखी निघते तेव्हा केवढी गर्दी होते आणि गाव ती सांभाळतं. त्यातली माहितगार माणसं आणि तरुण मंडळी इथेही मदत करतील.

ड्रोनचं नाव निघालं आहे तर त्याचा हिशोब सांगितल्याशिवाय आम्ही थांबणार नाही. अलाहाबादच्या जत्रेतून टपालाचं काम निघालं, तसं या खेळातून आपल्याला काम निघतं का? 'नमो ड्रोन दीदी' ही योजना केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केली. देशातल्या १५ हजार महिला बचत गटांना शेतीसाठी ड्रोन देण्याची ही योजना, २०२३-२४ ते २०२५-२६ या वर्षांसाठी १२६१ कोटी रुपयांची. किमतीच्या ८० टक्के, पण जास्तीत जास्त आठ लाख रुपये अनुदान. उरलेली रक्कम प्रभागसंघामार्फत कर्जाने, व्याजात तीन टक्के सवलत. गटातल्या एकीला पंधरा दिवसांचं प्रशिक्षण. आज तुमच्या तालुक्यात या योजनेत काय मिळतं, हे कृषी कार्यालयात आणि उमेदच्या कार्यालयात विचारून घ्या. ड्रोन चालवण्याच्या परवान्याला वय १८ ते ६५ आणि शिक्षण दहावी पास लागतं. म्हणजे आपल्यातल्या कितीतरी जणी बसतात.

आता वही. समजा ड्रोन संच दहा लाखांचा. आठ लाख अनुदान, दोन लाख गटाचे. समजा एकरी ३५० रुपये घेतले. बॅटरीची झीज, गाडीभाडं, मदतनीस, दुरुस्ती मिळून एकरी १५० गेले. राहिले २००. दोन लाख फेडायला हजार एकर फवारणी हवी. दिवसाला वीस एकर धरली तरी पन्नास पूर्ण दिवस, आणि व्याज वेगळं. घाटावर मोठी शेतं असतात, तिथे हे सोपं. आपल्याकडे दहा-दहा गुंठ्यांची खाचरं, मधे बांध, कडेला झाडं, वर विजेच्या तारा. एक एकर करायला चार वेगळ्या मालकांना विचारायचं. म्हणून एका गटाने उडी मारण्यापेक्षा आठ-दहा गावांनी मिळून आधी यादी करावी. कोण फवारणी करून घेणार, किती गुंठे, कोणत्या महिन्यात. यादी हजार एकरांच्या जवळ जात असेल तरच अर्ज. नाहीतर ड्रोन समाजमंदिराच्या कपाटात आणि हप्ता आपल्या डोक्यावर. वर्धापनदिनाच्या प्रात्यक्षिकाचा खरा उपयोग हाच, की शेतकरी समोर बघेल, प्रश्न विचारेल आणि तिथेच टेबलावर आपलं नाव यादीत लिहील.

शेवटी एक. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. हेलिकॉप्टरं तयार ठेवली होती, पण पाऊस आणि ढगांमुळे ती येऊ शकली नाहीत. मदतीची माणसं चिखलातून डोंगर चढून पायी गेली. आभाळातली यंत्रं कितीही मोठी असली तरी हवामानापुढे थांबतात. म्हणून अशा दिवशी मैदानाच्या एका कोपऱ्यात आपत्तीचं टेबलही असावं. वाडीत किती घरं, किती म्हातारी माणसं, रात्री कुणाला उठवायचं, दोरी, बॅटरी आणि शिट्टी कुणाकडे, याची यादी तिथे प्रत्येक गटाने भरून द्यावी.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला तीन कामं. एक, आपल्या गटातल्या किती मुली यंदा दहावीला आहेत आणि त्यांना पुढे काय शिकायचं आहे, हे त्यांनाच विचारून लिहून आणा. दोन, गावात फवारणी करून घेणाऱ्यांची गुंठ्यांसकट यादी. तीन, 'आभाळाचा दिवस' करायचा का, यावर प्रत्येकीने आपलं मत सांगायचं. नको वाटत असेल तर नको म्हणा, कारण मात्र सांगा. बहुमत झालं तर अर्जाचा मसुदा आम्ही करून ठेवू, सह्या तुमच्या. आणि कार्यक्रम ठरलाच तर पहिली अट आम्ही आताच लिहितो. त्या दिवशी दुपारचा स्वयंपाक घरातल्या पुरुषांनी करायचा.